बूड बघणारे काका

कुणाच्या घरी गेलं की माणसं भिंतीवरचे फोटो बघतात, पंखा कुठल्या कंपनीचा आहे ते बघतात. बाटलीकाका वस्तूंची बुडं बघतात. सत्यनारायणाला बोलावलेले हे गृहस्थ तीर्थप्रसाद घेतल्याबरोबर स्वयंपाकघराकडे सरकतात आणि फडताळातली चिनी मातीची बरणी उचलून आडवी करतात. आत कैरीचं लोणचं आहे आणि दादरा नुसताच वर टाकलेला आहे, हे त्यांच्या दृष्टीनं दुय्यम. "शिक्का नाही," असं म्हणून ते बरणी खाली ठेवतात. ओट्यावरचा तेलाचा ओघळ यजमानीणबाईंनी पुसायचा.

असा एक काका गावोगावी असतो. बहुधा बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खिशात भिंग, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये जुनी वर्तमानपत्रं. ती गुंडाळायला, वाचायला नव्हेत. पुण्याचे असले तर रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, मुंबईचे असले तर मटन स्ट्रीटच्या चोर बाजारात ते हमखास उकिडवे बसलेले सापडतात.

"काका, अँटिक पीस आहे. इंग्रजांच्या टायमाचा."

"इंग्रज आले तेव्हाचा की गेले तेव्हाचा?"

यावर विक्रेता विचारात पडतो. तेवढ्यात काकांच्या अंगठ्याचं नख बाटलीच्या अंगावरून वर चढत असतं. साच्याची रेघ मानेपाशी विरली तर बाटलीचं तोंड हातानं घडवलेलं. रेघ थेट ओठापर्यंत गेली तर माल यंत्रातला. ओवेन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९०३ च्या सुमारास बाटल्या करणारं स्वयंचलित यंत्र काढलं. काकांच्या मते मानवजातीची घसरण तिथून सुरू झाली. महायुद्धं वगैरे नंतरची. अर्थात विक्रेतेही काही कमी नाहीत. त्यांनी आता त्या रेघेवर पॉलिश पेपर मारायला सुरुवात केली आहे.

मातीच्या बाटल्यांबाबत काकांचा कान डोळ्यापेक्षा तिखट. टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. बद्द वाजली की कुठेतरी केसाएवढी चीर आहे. अंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरबरीत झिलई दिसली, तर भट्टीत मीठ टाकून भाजलेली. वरून पिवळसर तपकिरी, खालून दुधी आणि अंगाला गुळगुळीत असेल, तर ब्रिस्टल पद्धतीची, म्हणजे १८३५ नंतरची. त्यातून बुडाजवळ 'डेन्बी' असा ठसा निघाला की काका दोन मिनिटं कुणाशी बोलत नाहीत. विक्रेता ती 'गोऱ्या सायबाची दारूची बाटली' म्हणून विकत असतो. असते ती कचेरीतली शाईची. ओतायला चोच काढलेली स्वच्छ दिसत असते. पण दारूला जो भाव येतो तो शाईला येत नाही, हे त्या बिचाऱ्यालाही अनुभवानं ठाऊक असतं.

काकांचं खरं दैवत म्हणजे गोटी सोड्याची बाटली. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ साली ती पक्की केली. आतल्या वायूनंच गोटी वर रेटायची आणि रबराच्या कड्याला चिकटवून तोंड बंद करायचं. बूच नको, तार नको. मानेत दोन खळगे असतात. ओतताना ते खालच्या बाजूला धरले की गोटी तिथं अडकते आणि सोडा सुखानं बाहेर येतो. जत्रेत कुणी बाटली उलटी धरून हलवताना दिसला, की काका अनोळखी माणसाच्याही हातातून ती काढून घेतात आणि फिरवून परत देतात. या जुन्या बाटल्या आज कमी का, तर पोरांनी गोट्यांसाठी फोडल्या. काका हे सांगतात तेव्हा त्यांची नजर थोडी चुकवलेली असते.

आता किमतीचं शास्त्र. नुसतं 'लंडन' लिहिलेली बाटली स्वस्त. तीच यॉर्कशायरात घडून, आगबोटीनं येऊन, अंगावर 'पूना'च्या सोडा कारखान्याचं नाव मिरवत असेल तर महाग. फिकट हिरवट काच कुणालाही मिळते. गडद निळी मिळाली तर ती रात्री उशाशी. ओठाचा टवका उडाला की भाव निम्म्याखाली. हे सगळं ठीक. पण याहून मोठा नियम असा, की बाटली दुसऱ्याच्या हातात असेपर्यंत 'मशीनमेड, डाग पडलेली, दहा मिळतात' असते आणि पैसे देऊन शबनममध्ये गेली की पायरी उतरेपर्यंत 'दुर्मिळ' झालेली असते. तळेगावला १९०८ साली लोकांच्या पैसा-पैसा वर्गणीतून काचकारखाना निघाला. त्यामुळे बुडबुडे असलेली कुठलीही बिनशिक्क्याची काच काका त्या पैसा फंडाच्या खाती जमा करतात. पुरावा विचारला तर म्हणतात, "शिक्का नाही, हाच पुरावा. त्या काळी जाहिरातबाजी नव्हती."

घरी काकूंचं वेगळंच. तांदळाची कणी खिचडीला उरत नाही, कारण ती बाटल्यांत घालून खळखळवून आतली घाण काढायची असते. सोड्याची आणखी जुनी, अंड्याच्या आकाराची बाटली उभी राहतच नाही. बूच ओलं राहावं म्हणून ती मुळात आडवी ठेवण्यासाठीच केलेली. ती काकूंच्या डोहाळजेवणातल्या हिरव्या बांगडीवर बसवली आहे. काका माळकरी. दिवाणखान्यात मात्र डच जिनच्या चौकोनी बाटल्यांची रांग. मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा काकूंनी त्यावर शाल पांघरली होती आणि काकांनी बोलता बोलता ती काढली होती.

लग्न तरीही जमलं. मुलगी आता मेलबर्नला असते. परवा जाताना म्हणाली, "बाबा, एक बाटली द्या ना, शोकेसमध्ये ठेवते."

काकांचे डोळे भरून आले. मग जावईबापूंनी मोबाइलवर बघून सांगितलं, की १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते, देशाबाहेर नेता येत नाही. "त्याच्या आतली एखादी असेल की, बाबा."

काकांनी सगळं कपाट खाली काढलं. एकेक बाटली उलटी करून पाहिली, नख फिरवलं, भिंग लावलं. कालपर्यंत ज्या बाटल्यांविषयी त्यांनाच शंका होती, त्याही त्या संध्याकाळी सरसकट एकोणिसाव्या शतकात गेल्या.

"बाबा, ही तरी? हिची रेघ वरपर्यंत आहे."

"ती रेघ नाही, ओरखडा आहे."

शेवटी जावईबापूंनीच स्वयंपाकघरातून कोकम सरबताची बाटली धुऊन आणली. काकांनी ती हातात घेतली, बूड पाहिलं आणि उदार मनानं म्हणाले, "ही न्या. पण जपून ठेवा. पुढं हिलाही भाव येणार आहे."