मागे आवाज येतोय का?

कान तपासून श्रवणयंत्र बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मंडळींच्या एखाद्या संघटनेची वार्षिक सभा वाराणसीत भरली आहे, असं समजा. कुठली संघटना ते विचारू नका; नाव सांगितलं तर बाकीच्या रागावतील. सभेत तुमची पदाधिकारी म्हणून बिनविरोध निवड झाली, कारण विरोध करणारे जेवायला गेले होते. अभिनंदन! आता तुमची कर्तव्यं.

पहिलं, स्थळ निवडणं. वाक्-श्रवणाचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था मैसूरला १९६५ पासून आहे, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून. शिकायचं तिथे, सभा काशीत. एरवी कोरमपुरतेही न येणारे पुण्या-नागपूरचे सभासद इथे सहकुटुंब हजर होतात. सासूबाईंची यात्रा, बायकोचा शालू आणि तुमची निवडणूक एकाच तिकिटात उरकते. निबंधवाचन मात्र दशाश्वमेधावरच्या आरतीच्या वेळेलाच ठेवावं. वाचणाऱ्याला घाई असते, ऐकणारे घाटावर असतात, त्यामुळे चर्चेत मतभेद होत नाहीत.

दुसरं, कागदपत्रं. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. यादी तासाभरात टाइप होते. कोणाचं नाव कोणाच्या वर, यात तेरा दिवस जातात. उत्तर प्रदेश सरकारला माणसांची पारख आहे. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीवरून होणारे तंटे मिटवायला त्यांनी या कायद्यात कलम २५ खास घालून ठेवलं आहे. एक चतुर्थांश सभासद मिळून दाद मागू शकतात. तेव्हा एक चतुर्थांश सभासदांचं एकमत होणार नाही, एवढं तुम्ही पाहायचं. त्यासाठी फारसं काही करावं लागत नाही.

तिसरं, व्यवसायाचं रक्षण. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली नोंदणी नसताना हे काम केलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका चांगल्या यंत्राच्या किमतीत हा दंड कितीतरी वेळा भरता येतो. चष्म्याच्या दुकानात काउंटरवरच कानात यंत्र खोचून देणाऱ्यांचा तुम्ही व्यासपीठावरून कडक निषेध करायचा. त्याच दुकानांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीने रात्रीच्या जेवणाचा खर्च उचललेला असतो. म्हणून निषेध दुपारीच आटपावा.

चौथं, गोंगाटाविरुद्ध ठराव. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ठराव वाचायला खोली केवढी का असेना, माइक लागतोच. 'मागे आवाज येतोय का?' असं तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदा मागचे कानांवर हात ठेवून 'हो' म्हणतात. ठराव टाळ्यांत मंजूर झाला की जेवणाला डीजे. गंगेपलीकडे रामनगरला महिनाभर रामलीला चालते, हजारो लोक जमतात, पण माइक नसतो. 'चुप रहो, सावधान!' अशी आरोळी आली की मैदान गप्प होतं. अशी आरोळी देणारा माणूस चुकूनही कार्यकारिणीत घेऊ नये. तो एखाद्या दिवशी अध्यक्षांच्या भाषणात ओरडेल.

पाचवं आणि शेवटचं कर्तव्य सभासदांचं ऐकणं. हे बहुधा 'ऐनवेळचे विषय' या सदरात येतं, तेव्हा बस सारनाथला निघालेली असते. त्या घाईतही एखादी तरुण ऑडिओलॉजिस्ट उभी राहते. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ पासून चालू आहे, तरी आपल्या भागात तान्ह्या बाळाला ऐकू येतं का हे पाहणारी बेरा चाचणी करायची तर आईबापांना दिवसाची मजुरी बुडवून शहरात यावं लागतं, असं ती सांगते. बोलायला लागायच्या वयाची दोन वर्षं यात निघून जातात, संघटना काय करणार, असं विचारते. यावर ठरलेलं उत्तर आहे: 'फार चांगला मुद्दा. लेखी द्या.' तिने लेखी दिलेलं असतं. गेल्या सभेतही दिलेलं असतं.

वय झालं की बहुतेकांचे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर पोचतात, स, फ, थ निसटतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. घरचे म्हणतात, आजोबांना मतलबाचं तेवढं बरं ऐकू येतं. आजोबांवर हा अन्याय आहे, आणि हे घरच्यांना समजावण्यात ऑडिओलॉजिस्ट मंडळींचा निम्मा दिवस जातो. पण हेच वाक्य पदाधिकाऱ्याला तंतोतंत लागू पडतं. त्याचा ऑडिओग्राम काढला तर 'सन्माननीय' हा शब्द दहा डेसिबललाही ऐकू येतो आणि 'हिशेब' नव्वदलाही येत नाही. या दोषावर यंत्र नाही. मुदत संपली की तो आपोआप बरा होतो, आणि तोच माणूस मागच्या रांगेतून हिशेब मागू लागतो.

तेव्हा घटनेत एक दुरुस्ती सुचवतो. सामान ओळखीचंच आहे. रुग्णाला बंद खोलीत बसवून शब्द ऐकवतात आणि त्याने ते जसेच्या तसे परत म्हणायचे असतात. उमेदवारी अर्जाबरोबर प्रत्येक इच्छुकाची हीच चाचणी घ्यावी. समोर ती तरुण ऑडिओलॉजिस्ट, दहा मिनिटं, मोबाइल बाहेर. ती काय म्हणाली, ते त्याने परत सांगायचं. 'चांगला मुद्दा' म्हटलं की शून्य गुण.

नापासांनी निराश होऊ नये. सल्लागार मंडळ त्यांच्यासाठीच आहे.