शिस्तीत कार्निव्हल कसा शिकवावा : नव्या शिक्षकांसाठी

अभिनंदन! सांस्कृतिक विभागप्रमुखांनी स्टाफरूमभर नजर फिरवली तेव्हा इतर सगळे वह्या तपासू लागले आणि तुम्ही मान वर केलीत. आता सहावी ते आठवीला ‘कार्निव्हल : परंपरा व इतिहास’ शिकवायचा आहे तुम्हाला. घाबरू नका. अडचण एवढीच की तुमची शाळा गोव्यात आहे. मुलांना विषय आधीच माहीत असतो. खालच्या पायऱ्या नीट पाळल्यात तर आठवड्याभरात हा दोष दूर होईल.

१. सुरुवात तारखेपासून करा. फळ्यावर लिहा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. तिथून उपवासकाळ सुरू, मांसाहाराला आळा. म्हणून त्याआधीच्या शनिवारपासून मंगळवारपर्यंत खाऊनपिऊन घ्यायचे, तोच कार्निव्हल. एवढ्यात कुणीतरी विचारेल, ‘टीचर, उपवास चाळीस दिवसांचा, मग सेहेचाळीस कशाला?’ मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, हे उत्तर तुम्हाला येत असले तरी देऊ नका. ‘हे परीक्षेला नाही’ म्हणा. मग मागच्या बाकावरून येईल, ‘म्हणजे हा सणपण चंद्रावर? आपल्या शिमग्यासारखा?’ सावध! हा प्रश्न फार चांगला आहे. याच्या नादी लागलात तर तास शिकवण्याकडे घसरेल. फळा पुसायला घ्या.

२. इतिहास रिकाम्या जागांत उरका. पोर्तुगीज गोव्यात ____ साली आले (१५१०). येताना हा सण घेऊन आले, गोवेकरांनी त्याला इंत्रूज म्हटले आणि आपलासा केला. गोवा ____ साली मुक्त झाला (१९६१). पणजीत चित्ररथांची मोठी मिरवणूक ____ पासून निघू लागली (१९६५). दुसरी आणि शेवटची रिकामी जागा एकाच पानावर येऊ देऊ नका. आली तर एखादी हुशार मुलगी बोटे मोजेल आणि म्हणेल, ‘म्हणजे जी मिरवणूक बघायला पर्यटक येतात, ती पोर्तुगीज गेल्यावरची? आमच्या आजोबांपेक्षा लहान?’ खरे आहे तिचे. पण शेकडो वर्षांची परंपरा म्हणून तुम्ही तक्ता आधीच रंगवून घेतलाय, आणि कार्डशीट फुकट मिळत नाही.

३. किंग मोमो निवडा. खरा मोमो मिरवणुकीच्या अग्रभागी असतो. चार दिवस राज्य त्याचे, आणि त्याचा हुकूम एकच : खा, प्या, मजा करा. रिओ दि जानेरोत तर महापौर शहराची किल्लीच मोमोच्या हातात देतात. शाळेला हे झेपण्यासारखे नाही, म्हणून किरकोळ बदल करा. मोमो मुलांना निवडू देऊ नका. मुले नको त्याच मुलाला निवडतात, आणि तो खरोखर शोभतो. प्रज्ञाशोध परीक्षेत पहिला आलेला, कमरेचा पट्टा शेवटच्या भोकात लावणारा मुलगा घ्या. हुकूमनामा मुख्याध्यापकांकडून तपासून आणा. तो साधारण असा परत येईल : ‘खा (मधल्या सुट्टीत), प्या (उकळलेले पाणी), मजा करा (रांगेत).’ किल्ली पुठ्ठ्याची असावी. स्टाफरूमच्या कपाटाची दिलीत तर राज्य खरोखर पालटेल.

४. आता खेळ. इथे फार सांभाळा, कारण कार्निव्हलचा जीव इथेच आहे. सासष्टीच्या गावांत या दिवसांत मंडळी वाजंत्री घेऊन अंगणाअंगणांत जात आणि जमिनीवरच नाटुकली करत. ना पडदा, ना रंगमंच. बायकांची कामेही पुरुषच करत. विषय? भाटकार (म्हणजे जमीनदार), त्याची हाव, सुनेला छळणारी सासू, गावातली लफडी. आणि खेळ व्हायचा कुठे, तर कधी खुद्द भाटकाराच्या दारात. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली, त्याची नक्कल त्याच्याच अंगणात, आणि त्याने ती हसून घ्यायची! पुढे हे खेळ रंगमंचावर चढले, खेळ-तियात्र झाले, तिकिटे लागली.

हे सगळे मुलांना सांगितलेत तर पुढच्या पाच मिनिटांत आठवीचा एक गट खेळ बसवेल. त्यात भाटकार असेल, त्याच्या अंगावर अर्ध्या बाह्यांचा सफारी असेल, खिशाला दोन पेने असतील आणि तो दर वाक्याला ‘शिस्त म्हणजे काय?’ विचारेल. मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ, जो गणेशचतुर्थीपासून बंद आहे, तोही एक पात्र असेल. अभिनय हुबेहूब होईल. तुम्हाला हसू येईल, खोकला काढा. मग विषय बदलून द्या : ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’. प्लास्टिक कुणाच्या बदलीचा अर्ज अडवून धरत नाही. मुले हिरमुसतील. त्यांच्या पाठीवर हात ठेवा आणि सांगा, तुमच्या सर्जनशीलतेला इथे पूर्ण वाव आहे.

५. चांदरचा मुसळखेळ गाळा. कार्निव्हलच्या दिवसांत तिथल्या ख्रिस्ती घरांतले पुरुष मुसळे हातात घेऊन, गात, जमिनीवर ठेका धरत गावात फिरतात. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, हिंदू कदंबांची राजधानी. आता तुमच्या कार्यपत्रिकेत ‘सण कोणत्या धर्माचा? (एका शब्दात)’ असा रकाना आहे. त्यात हे बसवून दाखवा! नाही बसत ना? मग रकाना ठेवा आणि चांदर काढा.

६. चित्ररथ मात्र जरूर करा. टेम्पो कुणाच्या तरी काकांचा मिळेलच. पुढे शिकवणी वर्गाचा फ्लेक्स, बाजूला फर्निचरवाल्याचा, मागे वाढदिवसाच्या शुभेच्छांसह स्थानिक नेते, आणि उरलेल्या वीतभर जागेत परंपरा. कुणी नाक मुरडले तर सांगा, पणजीच्या मिरवणुकीतही जाहिरातींचे रथ असतातच. याबाबतीत तुमची शाळा परंपरेला पूर्ण धरून आहे. गोव्यातल्या चर्चनेही या थाटामाटापासून स्वतःला वेळोवेळी लांब ठेवले आहे, पण ते सांगत बसू नका. ‘मग हा सण नक्की कुणाचा?’ असा प्रश्न येईल आणि तास वाढेल.

७. पूर्वी लोक एकमेकांवर पिठाच्या पुड्या, रंगीत पाणी आणि अंडी फेकत. ही माहिती शेवटच्या तासाची घंटा वाजता वाजता द्या. शाळेच्या फाटकाबाहेर पालकांची जबाबदारी सुरू होते.

८. मूल्यमापन. प्रश्न १ : मजा म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा (५ गुण). प्रश्न २ : कार्निव्हलमध्ये मोठ्यांची थट्टा का करत असत? (१ गुण, ‘मनोरंजनासाठी’ एवढेच उत्तर ग्राह्य.) मुलांना मजा आली की नाही हे तुम्ही सुरुवातीलाच लिहून ठेवलेल्या अहवालातून कळेलच. पुराव्यादाखल फोटो लागतात. मुखवटे घालून काढलेले फोटो कधीही चांगले, चेहऱ्यावर काय आहे ते दिसत नाही.

एक शेवटची सूचना. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, म्हणजे कार्निव्हल ६ ते ९. पहिला दिवस शनिवार. सकाळची शाळा झाली की अहवाल पिशवीत टाका आणि दुपारची बस धरून पणजीला जा. तुमचा वर्ग भेटेल तिथे. काय शिकायचे ते त्यांना विचारा.