पोरगं कुणाकडे आहे?

जयेंद्रगंजातून ग्वाल्हेरच्या मेळ्याला निघणारं मराठी घर कधी एकटं निघत नाही. आजी निघते, इंदूरहून आलेली आत्या निघते, पुण्याची मावशी आणि तिची दोन मुलं निघतात, शेजारच्या वहिनीही आपल्या धाकट्याला घेऊन येतात. रेस कोर्स रोडवर उतरलं की कुणीतरी माणसं मोजतं, आकडा जुळतो आणि सगळे निर्धास्त होतात. मुलं हरवतात ती याच्यानंतर. आईला वाटतं, तो आत्याकडे आहे. आत्याला वाटतं, त्याने आजीचं बोट धरलंय. आजीने सॉफ्टीच्या दुकानापाशी बोट सोडलेलं असतं, कारण बाबा समोरच उभे होते. बाबा उभे होते खरे, पण मागे राहिलेल्या मंडळींना फोनवरून वाट सांगत होते.

चार मोठी माणसं, एक मूल, आणि त्या पाच मिनिटांत ते मूल कुणाच्याच ताब्यात नाही.

गर्दीतल्या मुलांचा विषय निघाला की आपण पोरं पळवणाऱ्या टोळ्यांबद्दल बोलतो. टोळ्या असतील, सावध राहावंच. पण मेळ्यात मुलाची चुकामूक होते ती बहुतेक वेळा आपल्याच भरल्या गोतावळ्यात. दोन मुलांना घेऊन एकटी आलेली आई पाहा. दुसरं कुणी नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तिची नजर हलत नाही. माणसं वाढली की लक्षही वाढतं, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. माणसं वाढली की लक्ष वाटलं जातं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की ते असून नसल्यासारखं.

माधवराव शिंद्यांनी 1905 साली हा मेळा सुरू केला तो गुरांचा मेळा म्हणून. गुरांच्या बाजारात बैलाचा कासरा एका माणसाच्या हातात असतो. पाणी प्यायला जायचं असेल तर तो कासरा दुसऱ्याच्या हातात देऊन, त्याला सांगून जातो. लेकराच्या बाबतीत आपण एवढंही करत नाही.

तर पहिला नियम हाच. मूल दुसऱ्याकडे सोपवायचं ते तोंडाने बोलून. ‘आत्या, चिनू आता तुमच्याकडे.’ आत्याने ‘हो, माझ्याकडे’ असं म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. डोळ्याने खुणावणं नाही, ‘बघतील ना सगळे’ नाही. घरातल्या मोठ्यांना असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल, वाटू द्या. आणि ते ‘हो’ मोठ्या माणसाचंच हवं. नऊ वर्षांच्या ताईला ‘भावाकडे लक्ष दे गं’ म्हणून आपण मोकळे होतो, हे मला सर्वांत जास्त खटकतं. ती स्वतः मूल आहे. तिलाही ड्रॅगन ट्रेन बघायची आहे. भाऊ सुटला तर आयुष्यभर तिच्या मनाला जे लागून राहील, ते आपण दिलेलं असेल.

हात धरायचा तो मनगटाला. बोटं निसटतात, सॉफ्टीने चिकट झालेली तर हमखास. ग्वाल्हेरच्या जानेवारीत वर हातमोजाही असतो. गर्दीचा धक्का आला की रिकामा हातमोजा आपल्या मुठीत राहतो आणि मूल पुढे सरकलेलं असतं.

थंडीचं आणखी एक. संध्याकाळी सगळीच पोरं कानटोपी, जॅकेट आणि मफलरमध्ये एकसारखी दिसतात. ‘निळं जॅकेट घातलंय’ असं सांगून पोलिसांना काही उलगडत नाही. फाटकातून आत शिरण्याआधी मुलाचा डोक्यापासून बुटांपर्यंत एक फोटो काढा, त्या दिवसाच्या कपड्यांतला. घाबरलेल्या आईबापांना मुलाच्या बुटांचा रंग आठवत नाही, त्यांच्या फोनला आठवतो. फोन नंबराची चिठ्ठी जॅकेटच्या खिशात नको, कारण उकडलं की जॅकेट आजीच्या खांद्यावर जातं. ती पँटच्या खिशात ठेवा, शिवाय बॉलपेनने मनगटावरही नंबर लिहा. मुलाचं नाव मात्र कपड्यावर बाहेरून दिसेल असं लिहू नका. नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला लगेच आपला वाटतो.

आता मुलाला काय सांगायचं? एकच गोष्ट, आणि ती घरून निघतानाच: आम्ही दिसलो नाही तर आहेस तिथेच थांब, शोधायला निघू नकोस, आम्ही येतो. दोघंही शोधत फिरले की मेळ्याएवढ्या मैदानात तास-तासभर गाठ पडत नाही. थांबून भीती वाटायला लागली तर गल्ल्यामागे बसलेला दुकानदार, वर्दीतला पोलीस, किंवा लहान मुलं बरोबर असलेली बाई, यांपैकी कुणालाही सांग. हे सांगताना आपण वर्षभर काय पेरलंय तेही आठवू या. जेवत नाही म्हणून ‘पोलीस पकडून नेईल’, झोपत नाही म्हणून ‘पोलिसाला बोलावते’. असं ऐकून वाढलेलं चार वर्षांचं पोर हरवलं की पोलीस दिसताच टेबलाखाली दडतं. ज्याच्याकडे त्याने धावत जायला हवं, त्याचीच धास्ती आपण त्याच्या मनात घातली. हे आजपासून बंद करायला पैसे लागत नाहीत.

आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी वेगळं सांगण्यासारखं एक आहे. मेळ्यातला घोषणा करणारा हिंदी बोलतो. मुलाला बाबांचं पूर्ण नाव, आडनाव, मोहल्ला आणि फोन नंबर हिंदीत, रडत रडतसुद्धा सांगता यायला हवा. घरात मराठी बोलणारं तीन वर्षांचं मूल अंगणवाडीआधी हिंदी आकडे शिकलेलं नसतं. पंधरा दिवस आधीपासून आंघोळीच्या वेळी रोज पाठ करून घ्या.

प्रयागला राजाराम तिवारी नावाच्या माणसाने 1946 पासून माघ मेळ्यात आणि कुंभात हरवलेल्यांसाठी ‘भूले-भटके’ शिबिर चालवलं, 2016 साली जाईपर्यंत. सुरुवातीला हातात पत्र्याचा भोंगा आणि तोंडाने पुकारा, एवढंच भांडवल. आता कुंभात संगणकावरची खोया-पाया केंद्रं आली. पण भोंगा असो की संगणक, मुलाला स्वतःचं नाव-गाव सांगता आलं तर निम्मं काम झालं. नाही आलं, तर कोपऱ्यात बिस्किट खात बसून राहायचं, कुणी ओळखायला येईपर्यंत.

मूल दिसेनासं झालं की आपण आधी काय करतो? आपसात भांडतो. ‘तुझ्याकडे होता ना?’ ‘मी कुठे म्हटलं?’ ही पाच मिनिटं फुकट जातात. भांडण घरी जाऊन करा. एकाने जिथे मूल शेवटचं दिसलं तिथेच खांबासारखं उभं राहायचं, एकाने पोलिसांकडे जायचं, बाकीच्यांनी बाहेर पडायच्या वाटा धरायच्या. आधी आपणच शोधू, मग पोलिसांकडे, हा भिडस्तपणा नको. ‘चोवीस तास थांबा’ असा कुठलाही नियम नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी सांगितलं आहे की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि अपहरण किंवा तस्करी झाली असेल हे धरूनच तपासाला लागायचं. म्हणजे पोलिसांकडे जाणं म्हणजे त्यांच्याकडे उपकार मागणं नव्हे. 112 हा मदतीचा नंबर आहे, मुलांसाठीचा 1098 आहे. आणि मूल सापडलं की त्याच्या कानाखाली वाजवू नका. सापडल्यावर मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी लवकर सापडत नाही.

गर्दी दाटली तर? शेजारच्या दतिया जिल्ह्यात रतनगडच्या देवीला 13 ऑक्टोबर 2013 ला, नवमीच्या दिवशी, सिंध नदीवरच्या पुलावर 115 माणसं गेली. पूल कोसळतोय अशी अफवा उठली आणि माणसं माणसांवर पडली. अशा दाटीत मोठ्याच्या छातीवर येणारा दाब मुलाच्या तोंडावर आणि गळ्यावर येतो, कारण त्याची उंचीच तेवढी. म्हणून पुढची माणसं अंगाला लागायला लागली की मूल कडेवर घ्यायचं, लोंढ्याला टक्कर न देता तिरकं सरकत कडेला यायचं आणि बाहेर पडायचं. पापड राहिला, शिल्प बाजार राहिला, काही बिघडत नाही. मेळा फेब्रुवारीपर्यंत असतो. रविवार आणि 26 जानेवारीची संध्याकाळ सोडून मधल्या वारी दुपारी आलं तर मूलही खुश आणि आपणही.

आता झूला सेक्टर. इथेही दुखणं तेच. आईबापांना वाटतं झूलेवाल्याने बघितलं असेल. झूलेवाल्याला वाटतं आईबाप बघतील. ठेकेदाराला वाटतं कागद झालेत. एकाच पोऱ्याने तिकिटं घ्यायची, दांडे लावायचे आणि बटणही दाबायचं, मग तो बघणार तरी काय?

मुलाला शेजारी घेऊन आपण नावेच्या झुल्यात बसतो आणि दांडा खाली येतो. तो कुठे टेकतो ते कधी पाहिलंत? आपल्या मांड्यांवर. दोघांना दांडा एकच, तो जाड माणसापाशी अडतो, आणि मुलाच्या पोटापुढे वीतभर पोकळी उरते. झूला उलट्या बाजूने वर गेला की मूल त्या पोकळीतून सरकतं. उंचीची अट असते ती या पोकळीसाठी, मुलाच्या धीटपणाशी तिचा संबंध नाही. तरी पोराला चवड्यांवर उभं करून ‘बसू दे हो भैया, तो घाबरत नाही’ म्हणणारे आपणच. झूलेवाला नाही म्हणाला तर त्याचे आभार मानायला हवेत, त्याच्याशी हुज्जत घालायला नको. मफलर, ओढणी आणि मोकळे केस खालीच आवरायचे, फिरत्या आसात काय गुंतेल ते सांगता येत नाही. आणि आकाशपाळण्याच्या दाराला कडीच्या जागी सुतळी, किंवा पिनेच्या जागी वाकवलेली तार दिसली की तिकीट हातात असलं तरी मागे फिरायचं.

कारण हे पाळणे एका मेळ्यातून खोलून ट्रकने पुढच्या मेळ्यात जातात आणि पुन्हा जोडले जातात. कायमच्या उभ्या झुल्यांचंही काही खरं नसतं. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी 14 जुलै 2019 ला झुल्याचा मुख्य दांडाच तुटला, दोघांचा जीव गेला. मोहालीच्या दसरा मैदानात 4 सप्टेंबर 2022 ला उंच गेलेला झूला माणसांसकट धाडकन खाली आला. राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये 25 मे 2024 ला, शाळांच्या सुट्टीतल्या शनिवारी, वेल्डिंगच्या ठिणग्यांतून आग लागली आणि 27 जण गेले, त्यांत मुलंही होती. अग्निशमन दलाचा परवाना नव्हता. तिथे मुलांना घेऊन आलेल्या एकाही आईबापाला हे ठाऊक नव्हतं, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून मेळा प्राधिकरणाकडे माझी मागणी आहे, आणि ती कुठल्याही नव्या कायद्याची वाट न बघता पुरी होऊ शकते. भारतीय मानक ब्युरोचं झुल्यांसाठीचं मानक, आयएस 15475, आहेच. प्रत्येक झुल्याच्या तिकीट खिडकीवर फलक लावा: शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या अभियंत्याने केली, आज झूला चालवणाऱ्याचं नाव काय, आणि किती उंचीच्या आतल्या मुलाला चढवायचं नाही. अक्षरं हिंदीत आणि लांबून वाचता येतील अशी. फाटकावर लहान मुलांच्या मनगटाला नंबर लिहिलेली कागदी पट्टी बांधायला दोन माणसं बसवा. आणि आपण काय करायचं, तर खिडकीशी उभं राहून तो फलक मागायचा. ‘कागद ऑफिसात आहे’ असं उत्तर आलं तर तिकिटाचे पैसे परत घ्यायचे, मागच्या रांगेतल्यांना ऐकू जाईल असं का ते सांगायचं, आणि मुलाला मनगटाला धरून पुढे न्यायचं.