विकतचा धूर

1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून या गावानं धूर कधी विकत आणला नव्हता. आता सेक्टरांतल्या मराठी स्वयंपाकघरांत तो बाटलीतून येतो. भिजवून वाटलेल्या काजूच्या व्हीगन डिपसाठी दोन थेंब. खरं तर काजूत वाटी ठेवावी, तीत रसरशीत निखारा, वर चमचाभर शेंगदाण्याचं तेल, आणि पाच मिनिटं झाकण. (तूप नको, तेवढ्यानं व्रत मोडतं.) पण निखारा आणायचा कुठून? शेगडी माळ्यावर, कोळसा सगळा कारखान्यात! आजीची दाण्याची चटणी जन्मजात व्हीगन होती. तिला तसं कुणी सांगितलं नाही, म्हणून बिचारी ताटात डावीकडेच राहिली.