डझनात तेरा

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत संख्याशास्त्राची बाकीची मुलं बँकांत आणि विमा कंपन्यांत उमेदवारीला लागली. मी लागलो पुण्यात, आंब्याच्या स्टॉलवर. "शेवटी आकड्यांचंच काम," असं आईने शेजारच्या काकूंना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. डझन हा आकडाच आहे.

मालक देवगडकडचे. शिक्षण आठवी, धंदा आजोबांपासूनचा. मागच्या खोलीत पेंढ्यात आंब्यांची अढी लावलेली असे. रोज सकाळी एकेक आंबा उचलायचा, देठापाशी हुंगायचा आणि वेगळा काढायचा : आजचा, परवाचा, अजून हिरवा. दाबायचा मात्र नाही. दाबण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आपलाच वाटतो, म्हणून दर्शनी भागात पाटी होती : 'आंबा दाबून पाहू नये. दाबलेला आंबा तुमचाच.' पाटी वाचून लोक हसत आणि हसता हसता दाबत.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "देवगड की कर्नाटक?" २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांच्या आंब्याला आता ते नाव लावता येतं. पण पुणेकर मानांकनावर विसंबत नाही. तो पेटीच्या तळाचा कागद उपसून वाचतो. वर्तमानपत्र कानडी निघालं की खेळ खलास. एका आजोबांनी तर रत्नागिरीचंच वर्तमानपत्र निघाल्यावर त्यावरची तारीख तपासली.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. "एक डझन द्या. चार आज खायला, चार अक्षय तृतीयेला आणि चार आमच्या वन्सं नागपूरहून आल्यावर." असल्या गणितावर वर्गात आमचे दोन तास गेले असते. मालकांनी फक्त विचारलं, "वन्सं यायच्या कधी?" आणि तीन ढिगांतून चार-चार आंबे उचलून दिले. वर बजावलं, "सालीला सुरकुती पडली म्हणून टाकू नका, तेव्हाच तो खरा गोड."

पण माझी विद्या खरी पणाला लागली ती साक्यावर. साका म्हणजे वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापावा आणि आत गर पांढरट, आंबूस, स्पंजासारखा निघावा. फळ झाडावर असतानाच हे घडतं; तापलेल्या जमिनीची धग हे त्यामागचं एक कारण सांगतात. बाहेरून रंग, वास, वजन, कशावरूनही पत्ता लागत नाही. म्हणजे शुद्ध संभाव्यता! आपला विषय निघाला म्हणून मी हरखलो.

त्याच आठवड्यात एक काकू स्टीलच्या डब्यात कापलेला साका घेऊन आल्या. मी त्यांना शांतपणे समजावलं, की शेकड्यात काही फळं अशी निघणारच आणि ती कुणाच्या वाट्याला येतील हे निव्वळ योगायोगाचं आहे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो योगायोग नेमका आमच्या जावईबापूंच्या ताटात कसा आला?"

याचं उत्तर आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मालकांनी एक आंबा बदलून दिला, वर एक पायरी ठेवली आणि काकू गेल्यावर म्हणाले, "आंब्याक गणित कळणा नाय. जावयाक तर त्याहून नाय."

मग माझ्या लक्षात आलं, की मालक नेहमीच्या गिऱ्हाइकाला डझनात तेरा आंबे घालतात. मी कारण विचारलं. "एखादा साका निघतोच. आधीच दिलेला बरा, भांडून नेतात तेव्हा दोन जातात." तोट्याची शक्यता धरून आधीच तरतूद करायची, हे शिकायला माझे मित्र टाय लावून विमा कंपनीत बसले होते. मी बनियनवर शिकलो, आणि दुपारच्या जेवणात रस होता.

बिनसाक्याचा आंबा नाही असं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' ही जात काढली. तिच्यात साका होत नाही. मी मोठ्या उत्साहाने ती सुचवायचो. गिऱ्हाईक ऐकून घेई, मान डोलावी आणि म्हणे, "छान. हापूसच द्या." माणसाला खात्री नको असते, हापूस हवा असतो. पुढे लग्न, नोकरी आणि घर घेताना लोकांना पाहिलं तेव्हा हा सिद्धान्त आंब्यापुरता नाही, हेही कळलं.

तेव्हा यंदा पेटी घ्याल तेव्हा भाव मागाहून विचारा. आधी विचारा, "साका निघाला तर?" जो छातीठोकपणे सांगेल, "आमच्याकडे निघतच नाही," त्याला नमस्कार करून पुढे चला. जो म्हणेल, "निघेल एखादा, घेऊन या, बदलून देईन," त्याच्याकडून डोळे मिटून घ्या. आणि कृपा करून दाबू नका.