जुना शर्ट आणि मोठी महासत्ता

मा. व्यापार प्रतिनिधी, अमेरिका, वॉशिंग्टन यांस,



सहाराच्या दक्षिणेकडच्या गरीब देशांनी आपला माल जकात न भरता अमेरिकेत विकावा म्हणून तुम्ही 2000 साली ‘आगोआ’ कायदा केलात, त्याबद्दल आधी आभार. आम्ही अडाणी त्याला करार समजत होतो. पण कराराला दोघांच्या सह्या लागतात, इथे एकट्या तुमच्या काँग्रेसचं मत पुरलं. कोण पात्र, कोण अपात्र हे दरवर्षी तुम्हीच तपासणार. अटींत लोकशाही आणि मानवाधिकार आहेतच. त्यांच्याच पंगतीला अमेरिकी मालाच्या वाटेतले अडथळे दूर करणं आणि अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाच्या आड न येणं हेही बसवलंय. दान द्यावं तर असं, दोरी हातात ठेवून.

रवांडाला मात्र हे कळलं नाही. 2016 मध्ये पूर्व आफ्रिकी देशांनी ठरवलं की परदेशातून येणारे जुने कपडे हळूहळू बंद करायचे आणि आपले शिंपी, आपल्या गिरण्या उभ्या करायच्या. रवांडाने त्याच वर्षी किलोमागे 20 सेंटचा कर थेट अडीच डॉलरवर नेला. केवढा हा उद्धटपणा! तुमच्याकडची माणसं धर्मादाय म्हणून शर्ट देतात, व्यापारी त्याचे गठ्ठे बांधून विकतात आणि घेणारा म्हणतो, नको.

2017 मध्ये या व्यापाऱ्यांच्या संघटनेने तुमच्या दारी अर्ज टाकला की अमेरिकेतल्या 40,000 नोकऱ्या धोक्यात आहेत. तुम्ही तत्परतेने चौकशी लावलीत. केनिया लगेच शहाणा होऊन मागे हटला, मग टांझानिया आणि युगांडाही. रवांडा अडून बसला, तेव्हा जुलै 2018 अखेर त्याच्या कपड्यांची जकातमाफी स्थगित झाली. तो माल होता वर्षाला सुमारे 15 लाख डॉलरचा. तुमची अर्थव्यवस्था तेव्हा 20 लाख कोटी डॉलरची. एवढ्या रकमेसाठी कुणी चौकशी लावत नाही. फटका रवांडाला, धडा शेजाऱ्यांना, हे आम्ही ओळखलं.

आमच्याकडे बोहारीण दारात येते, जुनी पँट घेते आणि पातेलं देते. तासभर घासाघीस चालते. सौदा फिसकटला तर ती टोपली उचलून पुढच्या दाराशी जाते. सौदा मोडला म्हणून तिने कुणाचा नळ तोडल्याचं ऐकिवात नाही. पण ती महासत्ता नाही.

रवांडाचं धोरण शहाणपणाचं होतं का, यावर वाद घालता येईल. किगालीत जुने कपडे विकून पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला, नवे कपडे गरिबाला महाग पडले. पण तो हिशेब रवांडाच्या लोकांनी मांडायचा होता.

तुमचा हात तसा सगळीकडे पोचतो. दक्षिण आफ्रिकेने तुमच्या कोंबडीच्या तंगड्यांवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं होतं. सवलती जाण्याची वेळ आली, तशी तिने वर्षाला 65,000 टन तंगड्यांना वाट करून दिली. चीनलाही ही कला येते म्हणा. 2010 मध्ये चिनी सरकारचे टीकाकार लिऊ श्याओपो यांना नॉर्वेतल्या समितीने शांततेचं नोबेल दिलं आणि नॉर्वेचा सामन मासा चिनी बंदरात अडकू लागला, वर तपासणीचं कारण. तुमचं तसं नाही. तुम्ही आधी कायदा करता, मग नोटीस देता, साठ दिवसांची मुदतही देता.

विनंती एवढीच, की पुढच्या तपासणीच्या वेळी अटींत सरळ लिहावं : आम्ही टाकलेलं घ्यावंच लागेल. म्हणजे छोट्या देशांची दिशाभूल होणार नाही. रवांडाला मात्र हेही समजावून उपयोग होईलसं वाटत नाही. सवलत गेल्यावरही त्याने कर उतरवला नाही.

कळावे,
आपला एक हितचिंतक