एका लेकरामागे दोन वर्षं

फ्रायबुर्ग, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा,


आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा पत्र बाबाच वाचून दाखवतील असं धरून लिहितोय.

बाबा, परवा फोनवर पुन्हा तुमचा तोच प्रश्न, “कायम कधी होणार?” चिऊ वेळेवर रडली म्हणून वाचलो. पत्रात ती सोय नाही.

आधी काम सांगतो. झेब्राफिशचं अंड्यातलं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. साधारण चोवीस तासांत त्याचं काळीज धडधडायला लागतं. ते हलू नये म्हणून त्याला अगारोजमध्ये बसवतो. आई, अगारोज म्हणजे तुझ्या चायना ग्रासचाच जरा शिकलेला भाऊ. मग रात्रभर सूक्ष्मदर्शकाखाली फोटो. रात्रीच का, तर दिवसाच्या वेळा जुन्याजाणत्यांनी आधीच अडवलेल्या असतात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशा.

नंतर तांदूळ निवडणं. एकेका पेशीभोवती पेनने कड आखायची, ते बघून संगणक शिकतो. काल दिवसभरात दोनशे आखल्या. रात्री पोळीवरचे डागही मोजायला लागलो. इथल्याच विद्यापीठातल्या तिघांनी २०१५ साली अशा कडा शिकणारं यू-नेट काढलं. फळमाशीच्या मज्जातंतूंची फक्त ३० चित्रं त्यांना पुरली. तीच ताणून-वाकवून पुन्हा पुन्हा दाखवली. पाहुणे वाढले की तू आमटीत पाणी वाढवतेस ना, तसं. माझ्या संगणकाला मात्र कितीही दाखवा, धुळीच्या कणाला तो ९९ टक्के खात्रीने पेशी म्हणतो. मला हटकून बंडूकाका आठवतात.

आता कायमचं. दादा तीन वर्षं शिक्षणसेवक होता, मग कायम झाला, वहिनीने पेढे वाटले. इथे गाडी उलटी. डॉक्टरेटनंतर मुदतीच्या करारावर विद्यापीठात सहा वर्षं राहता येतं. पुढे कायम करा, नाहीतर निरोप द्या, असा कायदा आहे. बहुधा निरोपच देतात. बाहेरच्या अनुदानाची एक पळवाट आहे, पण तीही अनुदान असेपर्यंतच. माझ्या करारातले चौदा महिने उरलेत, म्हणून जाहिराती चाळतोय. लेझर जुळवता यावा, पायथन यावं, मासे सांभाळता यावेत, जर्मन आल्यास उत्तम. अगदी गोरी, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी हवी, त्यातली गत. आणि मुदत दोन वर्षं!

बाबा, पुढचं मनात वाचा. त्याच कायद्यात एका मुलामागे ही मर्यादा दोन वर्षांनी वाढू शकते. म्हणजे चिऊमुळे माझी सहाची आठ. नोकरी वाढत नाही हं, नुसती मर्यादा. हे मुग्धाला सांगितलं तर लाटणं हातात तसंच ठेवून ती म्हणाली, “आईंना यातलं अक्षरही कळता कामा नये.” आईने विचारलंच, तर शाईचा डाग पडलाय म्हणा.

चिऊला दात येतायत. मेतकूट संपत आलंय.

तुमचा,
बाळू

ता. क. इथल्या जुन्या गल्ल्यांतून पाण्याचे छोटे पाट वाहतात. चुकून त्यात पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं म्हणतात. माझा दोनदा पडला. मुग्धा म्हणते, “कायम करणारा एखादा पाट आहे का, ते बघ. मी स्वतः ढकलते.”